मूडची रोजची नोंद: संध्याकाळी एक ओळ, रविवारी दहा मिनिटं

तासगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलं आहे: "वय ३६. शाळा, दोन मुलं, सासू-सासरे, घरची द्राक्षबाग. गेले काही महिने मन मधूनच एकदम खाली जातं आणि कारण सापडत नाही. मैत्रिणीने सांगितलं म्हणून मोबाइलवर मूड नोंदवायचं अ‍ॅप घेतलं. आठवडाभर चाललं, मग सुटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सुटलं. वहीत लिहायला बसले तर पानभर रडगाणं झालं आणि उलट जास्त वाईट वाटलं. अशा नोंदीचा खरंच उपयोग असतो का? असेल तर ती टिकवायची कशी? आणि आठवीतल्या मुलीलाही ही सवय लावावी का?"

ताई, उपयोग असतो, आणि 'कारण सापडत नाही' म्हणणाऱ्या माणसाला तर सगळ्यात जास्त असतो. पण दोन अटींवर. नोंद इतकी छोटी हवी की वाईटातल्या वाईट दिवशीही ती होईल. आणि लिहिलेलं आठवड्यातून एकदा शांत बसून वाचायला हवं. सांगली-मिरजेत मी बरीच वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. नोंदी मध्येच सुटलेली पुष्कळ माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचं एकच झालेलं असतं: सगळी ताकद लिहिण्यात गेली, वाचलं कुणीच नाही. न वाचलेल्या नोंदीतून हाती काही लागत नाही, मग लिहायचाही कंटाळा येतो. तुमची चिकाटी कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही.

मुळात लिहायचं कशाला, सगळं लक्षात असतंच की, असं वाटणं साहजिक आहे. पण समोर बसलेल्या माणसाला मी विचारलं, "मागचे पंधरा दिवस कसे गेले?" तर उत्तर बहुतेक वेळा त्या सकाळचं येतं. सकाळी घरात खटका उडालेला असेल तर "सगळे दिवस वाईटच गेले," आणि एसटीत जुनी मैत्रीण भेटलेली असेल तर "तसं ठीक आहे हो." खोटं कुणी बोलत नाही. मन खाली असलं की आठवणीही त्याच रंगाच्या वर येतात. गॉर्डन बॉवर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून हे वारंवार दिसत आलं आहे. म्हणून 'मला नेहमीच असं होतं' या वाक्यावर मी एकदम विश्वास ठेवत नाही. आधी महिनाभराची ओळ ओळ बघते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात विचार आणि वागणूक यांवर काम करणारी जी उपचारपद्धत उभी केली, तिच्यातही पेशंटने घरी ठेवलेल्या रोजच्या नोंदींना मोठं स्थान आहे. खूळ म्हणून हे कुणी काढलेलं नाही.

आता लिहायचं काय. दिवसाला एकच ओळ: झोपेचे तास, शून्य ते दहा यातला एक आकडा, अंगातला ताण वर की खाली, भावनेचा एक शब्द आणि त्या दिवशी काय घडलं ते चार-पाच शब्दांत. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर काहीतरी जास्तीचं लिहिलं जातंय असं समजा. तुमच्या वहीत ती ओळ अशी दिसेल:

"मंगळ. झोप साडेपाच. ४. ताण वर. धास्ती. केंद्रप्रमुख येणार म्हणून फोन, डबा तीनला खाल्ला."

आकड्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बहुतेकांची नोंद इथेच फसते. अ‍ॅपमधले पाच हसरे-रडके चेहरे सोपे वाटतात, पण तिसरा चेहरा म्हणजे नक्की काय हे रोज बदलत राहतं. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर स्वतःची मोजपट्टी लिहून ठेवा, आणि ती वागण्यातून लिहा. उदाहरणार्थ, २ म्हणजे शाळेतून आल्यावर साडीही न बदलता कॉटवर पडून राहावंसं वाटतं, मुलीने काही विचारलं तर उत्तर द्यायलाही जड जातं. ५ म्हणजे कामं सगळी होतायत, पण दिवसभरात मनापासून हसायला आलं नाही. ८ म्हणजे भाकरी थापता थापता गाणं तोंडात येतं, शेजारणीशी दारात उभ्या उभ्या गप्पा होतात. एवढ्या तीन खुणा पुरेत, मधले आकडे आपोआप बसतात. महिन्याभराने मागे बघाल तेव्हा मार्चमधला ४ आणि एप्रिलमधला ४ एकाच मापाचे असतील.

ताण वर की खाली, हे वेगळं का लिहायचं? मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन अक्षांवर केली: एक सुखद-दुःखद असा, दुसरा शरीर किती चेतलेलं आहे याचा. कामाच्या दृष्टीने हे फार उपयोगी आहे. चिडचिडीचा ३ आणि उदासीचा ३ कागदावर सारखे दिसतात, पण त्यांचे उपाय उलटे आहेत. ताण वर असेल तेव्हा शरीर उतरवायला हवं: सावकाश लांब उच्छ्वास, तोंडावर गार पाणी, दहा मिनिटं कुणाशी न बोलता अंगणात बसणं. ताण खाली असेल, सगळं जड आणि सुन्न असेल, तेव्हा पडून राहिल्याने ते वाढतं. तिथे उठून चालणं, भांडी लावणं, कुणालातरी फोन करणं असं काहीतरी हलतं काम लागतं. नुसत्या आकड्यावरून हे कळणार नाही.

शब्दही एकच, पण नेमका. 'मूड ऑफ' लिहू नका, त्यातून काही कळत नाही. वैताग, धास्ती, हुरहूर, घुसमट, अपराधी, एकटं, सुन्न, दमलेली. आणि दुसऱ्या बाजूला उमेद, निवांत, हलकं, समाधान. आपल्याकडे घरात बोलताना जे येतं तेही चालेल, 'डोकं उठलंय', 'कशात मन लागंना', 'पोटात गोळा'. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर पाहिलं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं तर मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या भागाची, म्हणजे अमिग्डालाची, हालचाल कमी होते. म्हणजे शब्द शोधण्याचे ते चार-पाच सेकंदही वाया जात नाहीत.

आता तुमच्या रडगाण्याचं. तुम्ही वहीत 'का' लिहायला बसलात. मला असं का होतं, माझ्याच वाट्याला का, मी आधी अशी नव्हते. मन खाली असताना 'का'च्या मागे लागलं की तोच तोच विचार घोळत राहतो आणि उदासी वाढते. सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्यभर याच घोळवण्यावर संशोधन केलं. म्हणून रोजच्या ओळीत 'का' हा शब्दच येऊ द्यायचा नाही. तिथे फक्त 'काय' लिहायचं: काय घडलं, कोण भेटलं, काय खाल्लं-राहिलं. कारणं रविवारी शोधायची, सात दिवस समोर असताना. मन मोकळं करायला म्हणून लिहायचं असेल तर जरूर लिहा, त्याचाही फायदा अनेकांना होतो, पण ती वही वेगळी आणि वेळही वेगळी. दोन्ही एकत्र केलंत की दोन्ही बंद पडतात.

टिकवायचं कसं, हे तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं. तुमचं अ‍ॅप रात्री नऊला आठवण करत असणार. नऊला तुमच्या घरात ताटं वाढायची वेळ. हात पिठाचे, मोबाइल चार्जिंगला, आणि "नंतर बघू" म्हणून ती सूचना पुसली जाते. घड्याळाला बांधलेली सवय आपल्या घरांत टिकत नाही, कारण आपल्या घरांत घड्याळाप्रमाणे फार थोडं होतं. जे रोज होतंच, त्याला ती बांधायची. बहुतेक घरांत तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो. दिवा लावला की तिथेच शेजारच्या फडताळातली छोटी वही काढायची, ओळ लिहायची, मग स्वयंपाकाला. पेन वहीलाच दोऱ्याने बांधून ठेवा. पेन शोधण्यात गेलेल्या एका मिनिटात सवय मोडते. शाळेत हजेरीपट बंद करताना, किंवा दुपारचा चहा झाल्यावरही चालेल. फक्त अंथरुणात पडल्यावर नको. तेव्हा दिवसभराचा थकवा आकडा खाली ओढतो आणि विचारांना निमित्त मिळतं. झोपेचे तास तेवढे सकाळी लिहा, संध्याकाळपर्यंत ते आठवत नाहीत.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? एकवीस दिवस असं सगळीकडे सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला लावून १२ आठवडे पाहिलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा (१२ आठवड्यांपुढचे आकडे हिशेबाने काढलेला अंदाज आहेत). त्यातली तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. म्हणून दिवस चुकला तर तो कोरा सोडा. गुरुवारी बसून सोमवार-मंगळवार भरू नका, कारण ते आकडे गुरुवारच्या मनाने लिहिलेले असतात. आणि सलग किती दिवस झाले हे मोजणारी अ‍ॅपमधली सोय बंदच करून टाका. साखळी तुटल्याच्या हिरमोडाने माणसं सगळंच सोडून देतात, आणि नेमका ज्या दिवशी मन सगळ्यात खाली असतं तोच दिवस चुकतो.

वही की मोबाइल, यावर माझा कल वहीकडे आहे, पण आपल्या एकत्र घरांत वही म्हणजे सगळ्यांची. कपाटाला कुलूप लावलं तरी प्रश्न उठतो. सासूबाई-नणंदेच्या हाती पडेल या भीतीने बायका खरं लिहीतच नाहीत आणि मग सगळे आकडे ६ आणि ७ येतात. अशा वेळी मी एक साधा मार्ग सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब लिहायची पद्धत घरोघर आहे. त्याच चौकोनात कोपऱ्यात एक बारीक आकडा, त्याखाली ताणाची खूण म्हणून वर किंवा खाली टिंब. कुणाला काही कळत नाही. शब्द आणि घटना शाळेच्या टाचणवहीच्या मागच्या पानावर. मोबाइलच वापरायचा असेल तर साधी नोट पुरे, तिला कुलूप घाला. वेगळं अ‍ॅप घेण्याआधी ते खातं उघडायला लावतं का आणि तुमच्या नोंदी कुठे साठवतं, ते वाचून घ्या. मनाची माहिती ही आजारपणाच्या फाइलइतकीच खाजगी आहे.

नवऱ्याला सांगावं का? सांगितलं तर बरं, पण आधीच ठरवून घ्या की रोज "आज किती?" असं विचारायचं नाही. विचारायला लागले की तुम्ही त्यांच्यासाठी आकडा लिहायला लागता.

आता रविवार. या दहा मिनिटांवर माझा सगळा भर आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी सगळं शहर बघत असतं. इशारा ४० फुटांना, धोका ४५ फुटांना, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण आकडा ऐकून सांगलीकर तिथेच थांबत नाही. पाणी चढतंय की उतरतंय, कोयना धरणातून किती सोडलंय, हे तो लगेच विचारतो. इथे चढलेलं पाणी वर घाटात आधीच पडून गेलेल्या पावसाचं असतं. मूडचा आकडाही असाच वाचायचा. आजच्या आकड्याचं कारण आजच्याच दिवसात शोधू नका, दोन दिवस मागे जा.

एक उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील बदलून. कवठेमहांकाळकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले ते बायकोच्या आग्रहाने. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "कायबी झालं की अंगावर जातोय मी. पोरं जवळ यीनात." कारण त्यांच्या मते ठरलेलं होतं: फळछाटणी झालेली, ढगाळ हवा, द्राक्षांवरच्या दावण्या रोगाची भीती, दिवसाआड फवारणी. वही लिहा म्हटल्यावर चेहरा पडला. पण त्यांच्याकडे फवारणीची वही होतीच. तारीख, कुठला प्लॉट, कुठलं औषध, लिटरला किती, पाऊस पडला का. निर्यातीचा माल करणारे हे सगळं काटेकोर लिहितात. त्या वहीत शेवटी एक रकाना आखला आणि त्यात झोप, आकडा, एक शब्द. वही ट्रॅक्टरच्या शेडमध्येच राहिली, पेनही तिथलंच.

महिन्याने आम्ही दोघं ती वही घेऊन बसलो. २ आणि ३ ला मी गोल केले. "हे फवारणीचे दिवस असणार," ते म्हणाले. बोट आडवं फिरवलं तर फवारणीच्या दिवशी आकडा ५, ६ होता. काम हातात असलं की ते बरे असत. गोल पडले होते ते वेगळ्याच दिवशी. शेतीपंपाला रात्रीची लाईट असली की ते मोटर सुरू करायला वस्तीवर जायचे, झोप तीन तास व्हायची. दुसऱ्या दिवशी आकडा ४. त्याच्या पुढच्या दिवशी २, आणि शेजारी शब्द 'वैताग'. लागोपाठ रात्री पाणी दिलं त्या आठवड्यात तर सलग गोल. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले.

उपाय काही मोठा नव्हता. भावाशी बोलून रात्रीची पाळी वाटून घेतली. आपल्या पाळीनंतर दुपारी तीनच्या आत तासभर झोपायचं. आणि त्या दोन दिवसांत व्यापाऱ्याशी दराची बोलणी करायची नाहीत, घरात पैशाचा विषय काढायचा नाही. राग संपला असं नाही. पण तो कुठल्या दिवशी येणार हे घरात आधी माहीत असायला लागलं. डोळ्यांसमोर असलेलं, सगळ्यात ठळक कारण हेच खरं कारण असं आपण धरून चालतो. वही ते तपासून देते.

दुसरं थोडक्यात. नदीकाठच्या वस्तीत २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या बऱ्याच घरांत जुलै लागला की आकडे पडतात. एका ताईंच्या ओळी वाचताना दिसलं की मोठा पाऊस झाला त्याच दिवशी आकडा खाली जात नाही. पाणीपातळीचे मेसेज दिवसभर उघडले त्या दिवशी जातो, मग पाऊस असो वा नसो. भीती अगदी रास्त आहे, तिला 'उगीच' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून पातळी बघणं बंद केलं नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघायची, ती सरकारी सूचनेतली बघायची, आणि कागदपत्रं-औषधांची पिशवी जूनमध्येच भरून दाराजवळ ठेवायची, एवढं ठरलं.

तुमच्या नोंदीत काय बघावं? झोप पहिली. मग उशिरा झालेलं किंवा बुडालेलं जेवण. मग दिवसभरात घराबाहेरच्या, आपल्या माणसाशी बोलणं झालं का. शिक्षकांमध्ये रविवारची संध्याकाळ हमखास खाली असते, तीही पाहा. आणि पाळीची तारीख कॅलेंडरवर खुणेने लिहाच. 'मधूनच एकदम खाली जातं, कारण सापडत नाही' हे वाक्य एखादी बाई म्हणते तेव्हा मी हे आवर्जून तपासते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आकडा पडतो आणि पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत वर येतो, असं दर महिन्याला दिसलं तर कारण बऱ्याच अंशी शरीरात आहे. याचं तीव्र रूप असेल तर त्याचं निदान पक्कं करायला डॉक्टरांना किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद लागते, नुसत्या आठवणीवर ते होत नाही. त्यावर चांगले उपचार आहेत. स्वभाव वाईट म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला दोष देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या हातात दोन महिन्यांचं कॅलेंडर आलं की केवढा भार उतरतो तेही पाहिलं आहे.

रविवारी वाचून झालं की एकच बदल ठरवायचा, दोन आठवड्यांसाठी. चार बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि फक्त पडलेले आकडे पाहू नका. ७ च्या वरचे दिवस शोधा, त्या दिवशी काय केलं होतं ते पाहा. मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की उदासीत माणूस आनंद देणारी कामं सोडत जातो आणि ती सोडल्याने उदासी आणखी वाढते. बरं वाटल्यावर ती कामं परत सुरू करू म्हणून थांबायचं नसतं, आधी ती वेळापत्रकात घालायची असतात. तुमच्या ७ आणि ८ च्या दिवशी कदाचित सहकारी बाईंबरोबर चालत आलेला रस्ता असेल, अंगणात पाणी घालणं असेल, हरिपाठ असेल. जे असेल ते आठवड्यातून दोनदा ठरवून करा, त्या दिवशी मन कसंही असलं तरी.

काहींना ही नोंद मानवत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. दिवसातून दहा वेळा 'आता किती?' असं मनात मोजलं जायला लागलं, आकडा ४ आला म्हणून दिवसच वाईट ठरायला लागला, किंवा आधीपासून तपासत राहण्याची, शंकेची सवय असेल, तर नोंद कमी करा. आठवड्यातून दोनदाच लिहा किंवा बंद करा. बंद केल्याने काही हरवत नाही. शिवाय ही नोंद कायमची नाही. दोन-तीन महिन्यांत तुमचा आराखडा हाती आला की थांबा, आणि पुन्हा काही बदललं असं वाटलं, म्हणजे नवी शाळा, आजारपण, गोळ्या सुरू झाल्या, की परत सुरू करा.

आता वहीच्या पलीकडे कधी जायचं. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस आकडा ३ च्या खाली, कशातच रस नाही, भूक किंवा झोप बिघडलेली, असं असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. उदासी किती आहे ते तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ नावाची यादी मराठीतही मिळते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण शून्य ते २७. १० किंवा जास्त आले तर भेटायलाच हवं. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी कुणाशीतरी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन मोफत, दिवसरात्र आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटत असेल तर ११२. आणि बागायतदाराच्या घरातल्या प्रत्येकाला मी हे सांगते: फवारणीची औषधं घरात ठेवू नका, शेडमध्ये कुलपात ठेवा, आणि घरात कुणाचं मन खचलेलं असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो अवघड तासभर टळला की पुष्कळ जीव वाचतात.

उलट बाजूही आहे. आकडा सलग चार-पाच दिवस ९-१०, झोप तीन-चार तास होऊनही थकवा नाही, बोलणं भराभर, खर्च वाढलेला, असं दिसलं तर 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडू नका. तेही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं असतं, कारण तिथे उदासीवरच्या नुसत्या गोळ्या घेणं धोक्याचं ठरू शकतं. याशिवाय थकवा आणि जडपणा महिनोन्महिने असेल तर फॅमिली डॉक्टरांना सांगून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे.

सिव्हिलच्या ओपीडीत किंवा खाजगी दवाखान्यात डॉक्टरांना तुमच्यासाठी मिनिटं मोजकी असतात. अशा वेळी "कसंतरी होतंय" म्हणण्यापेक्षा महिन्याचं कॅलेंडर समोर ठेवलंत तर ती मिनिटं कामी येतात. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि अनेकदा झोप आधी सुधारते, मन नंतर. वहीत हे दिसतं, म्हणून धीर राहतो. आकडे ७ वर आले म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या मात्र नाहीत. ते आकडे गोळ्यांमुळेही असू शकतात.

राहिली मुलगी. आठवीतल्या मुलीला 'लावायला' जाऊ नका. तुम्ही दिवा लावल्यावर रोज काय लिहिता हे ती बघेल आणि एक दिवस विचारेल. तेव्हा सांगा. तिला हवी असेल तर तिची स्वतःची छोटी वही द्या, मोजपट्टी तिची तिला ठरवू द्या. तिचा ८ मैदानावर किंवा मैत्रिणीच्या घरी असेल. आणि ती वही तुम्ही उघडायची नाही, ती शाळेत गेल्यावरही नाही. तुम्हाला कळायला हवं असं काही असेल तर ते येण्याची वाट बोलण्यातूनच आहे: जेवताना, गाडीवरून क्लासला सोडताना. चिडचिड, एकटं बसणं, मार्क घसरणं, मैत्रिणी सुटणं, हातावर ओरखडे, असं काही दिसलं तर वहीची वाट न बघता थेट तिच्याशी बोला आणि मला किंवा जवळच्या कुणा समुपदेशकाला गाठा. तोवर तुमची वही या रविवारपासून सुरू करा. पहिल्या पानाच्या आधी मागच्या पानावर २, ५ आणि ८ लिहून घ्या.